बोट न दाखविता हात देणाऱ्या पंडिता रमाबाई

लोणावळ्याचे नाव निघाले म्हणजे बहुतेकांस घाट, पाऊस आणि आगगाडी ह्यांचे स्मरण होते. ख्रिस्ती मंडळीस मात्र त्या गावाचे स्मरण आणखी एका कारणाने असावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे दरवर्षी उपासनेसाठी मोठी सभा भरत असे, आणि ठिकठिकाणचे विश्वासणारे काही दिवस एकत्र राहून प्रार्थना व वचनाचे मनन करीत. 1896 साली त्या सभेस पुण्याहून पंडिता रमाबाई आल्या होत्या. त्यांच्याबरोबर त्यांच्या शारदा सदनातील, प्रभूवर विश्वास ठेवणाऱ्या 15 मुली होत्या. एके दिवशी पहाटे बाई एकट्याच रानात गेल्या, ह्या मुलींबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले, आणि पुढील सभेपूर्वी ही संख्या पंधरा पट व्हावी, म्हणजे 225 व्हावी, असे मागणे केले. त्या वेळी सदनात एकंदर मुली पन्नासच्या आसपास होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे हे मागणे किती मोठे होते ते कळेल.

देवाने ते मागणे ऐकले. पण ज्या रीतीने ऐकले ती रीत विचार करण्याजोगी आहे. त्याच वर्षी मध्यप्रांतात घोर दुष्काळ पडला. तेथून बाईंनी ज्या मुली व विधवा आणल्या, त्या स्वच्छ, आज्ञाधारक व शिकलेल्या नव्हत्या. उपासमारीमुळे पुष्कळींस खोटे बोलण्याची, चोरण्याची व भांडण्याची सवय जडली होती. आणि काहींना दुष्ट माणसांनी वाईट मार्गास लाविले होते. अशांच्या संबंधाने जग बहुधा एकच काम करते, ते म्हणजे बोलणे. रमाबाईंनी काय केले, आणि तसे करण्यास त्या कोठे शिकल्या, हे कळण्यासाठी त्यांचे चरित्र थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ नावाच्या अरण्यातील ठिकाणी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले होते, आणि स्त्रीस देवभाषा शिकविली म्हणून त्यांना स्वजनांचे बोल सोसावे लागले होते. ह्याप्रमाणे लोकनिंदा ही रमाबाईंच्या घरात त्यांच्या जन्मापूर्वीच येऊन बसली होती. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत राहिले. 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात वडील, आई व थोरली बहीण अशी तिघे थोड्याच काळात गेली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी देश फिरत 1878 साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी रमाबाईंची विद्वत्ता पाहून त्यांना पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. 1880 साली बंधू वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारीदास मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते, म्हणून पुन्हा लोकांची तोंडे सुटली. 1882 च्या फेब्रुवारीत पतीस पटकीने मृत्यू आला आणि तेविसाव्या वर्षी, कडेवर तान्ही मनोरमा घेऊन, बाई विधवा झाल्या. विधवेविषयी लोक काय बोलतात हे त्यांना कोणी सांगावयास नको होते.

1883 साली त्या इंग्लंडास गेल्या आणि वाँटेज येथील धर्मभगिनींकडे राहिल्या. त्या भगिनींनी त्यांना लंडन शहरातील फुलहॅम येथे आपले एक काम पाहण्यास पाठविले. मार्ग चुकलेल्या, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय देऊन प्रेमाने वागविले जात होते. असे काम रमाबाईंनी आपल्या देशात तोवर पाहिले नव्हते व ऐकलेही नव्हते. अशा बायांची दया करावयाची ती का, असे त्यांनी विचारिले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या 4 थ्या अध्यायातील शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखविली. रमाबाईंचे अंतःकरण त्या गोष्टीने हलले. त्याच वर्षी 29 सप्टेंबर रोजी त्यांचा मनोरमेसह बाप्तिस्मा झाला.

वाचकहो, ती गोष्ट आपणांस पाठ आहे. परंतु तिच्यातील एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. प्रभूला त्या बाईचे सर्व पूर्वायुष्य ठाऊक होते. विहिरीपाशी ती एकटी असता त्याने ते तिच्या तोंडावर सांगितले. काही लपविले नाही, काही सौम्यही केले नाही. इतक्यात शिष्य गावातून अन्न घेऊन परत आले आणि प्रभू एका बाईशी बोलत आहे हे पाहून चकित झाले. त्या क्षणी तिची हकिगत शिष्यांना सांगणे किती सोपे होते! परंतु प्रभूने ती सांगितली असे कोठेही लिहिलेले नाही. शिष्यांशी तो बोलला तो कापणीस आलेल्या शेतांविषयी. गावास जे कळले ते त्या बाईने स्वतःच्या मुखाने जाऊन सांगितले. दोष ज्याचा त्याला सांगावा, इतरांस सांगू नये, आणि तो इतका प्रेमाने सांगावा की त्या माणसालाच पुढे तो उघड करण्याचे भय वाटू नये, हा धडा रमाबाई तेथे शिकल्या असे आम्हांस वाटते.

स्वदेशी परतल्यावर त्यांनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईस शारदा सदन उघडिले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथे त्यांची परीक्षा झाली. बाई रोज पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, व काही मुली आपण होऊन येऊन बसत. ह्यावरून 1893 साली पुण्याच्या वर्तमानपत्रांत मोठा गवगवा झाला. सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले आणि पालकांनी वीसपंचवीस मुली घरी नेल्या. आपल्या मुली परक्या धर्मात जातील ही पालकांची भीती पोकळ होती असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या लेकरांची काळजी कोणास नसते? परंतु त्या भीतीबरोबर पुष्कळ निराधार कुटाळकीही पसरली. बाईंनी आपली प्रार्थना लपविली नाही, दार लाविले नाही, आणि काम टाकिले नाही. ज्यांनी बोल लाविले त्यांच्याही लेकीसुनांसाठी सदन उघडे राहिले.

आता दुष्काळातील त्या मुलींकडे वळू. पुण्यात प्लेग आल्यामुळे नव्या मुली शहरात ठेवण्यास मनाई झाली, म्हणून बाईंनी त्यांना पुण्यापासून सुमारे 34 मैलांवर केडगाव येथे आपल्या शेतावर नेले. तेथे मुक्ति सदन उभे राहिले. 225 चे मागणे केले होते. प्रत्यक्षात मुली तीनशेंच्या आसपास झाल्या. 1900 च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. ज्या स्त्रिया वाईट मार्गास लागल्या होत्या त्यांच्यासाठी शतक संपण्याच्या सुमारास बाईंनी निराळे घर बांधिले आणि त्याचे नाव कृपा सदन ठेविले. हे नाव पाहा. पतितांचे घर, पापिणींचे घर असे त्यांनी त्यास म्हटले नाही. आत येणाऱ्या बाईने काय केले हे नावात नाही. देव तिच्यासाठी काय करितो ते नावात आहे. तेथे तिला अन्नवस्त्र, काम, शिक्षण व वचन मिळे. फुलहॅम येथे जे बीज पडले त्याचे हे पीक होते.

येथे कोणी म्हणेल की, मग दोष पाहून सर्वांनी मुके बसावे काय? तसे मुळीच नाही, आणि बाईही मुक्या बसल्या नाहीत. दुष्काळातील आश्रयगृहांत असहाय मुली कशा फसविल्या जात होत्या हे त्यांनी उघडपणे लिहिले. 1897 साली पुण्यातील प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांचे जे हाल होत होते त्याविषयी त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिले, आणि ते प्रकरण विलायतेतील पार्लमेंटापर्यंत गेले. दुर्बळावर अन्याय होत असेल तर जो तो थांबवू शकतो त्याला सांगणे ही साक्ष होय. पडलेल्या माणसाची हकिगत, जो त्याला उठवू शकत नाही व उठवू इच्छीतही नाही अशाला सांगणे ही कुटाळकी होय. बाईंनी पहिली केली, दुसरी केली नाही.

1905 च्या जून महिन्यात मुक्ति सदनात मोठे आत्मिक जागरण झाले. शेकडो मुली रडून आपली पापे कबूल करू लागल्या. ज्या मुलींस पूर्वी एकमेकींच्या चोऱ्या व चुगल्या सांगण्यात गोडी वाटे, त्या आपापली चोरी सांगू लागल्या. ज्याला स्वतःच्या दोषाचे दुःख झाले त्याला दुसऱ्याच्या दोषाची भूक राहत नाही.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या मावळात पावसाळ्यात भाताची आवणी चालते. डोक्यावर इरले घेऊन बाया ओळीने वाकलेल्या असतात. ओळीच्या एका टोकास निघालेली गोष्ट दुसऱ्या टोकास पोहोचेपर्यंत दुप्पट होते. पुरुषांचा पार व चावडी ह्याहून बरी नाही. एखादा तरुण दारूस लागला, एखाद्या सुनेने घर सोडिले, एखाद्याने मंडळीच्या पैशांचा हिशोब दिला नाही, की प्रथम सगळ्या गावास कळते, मग शेजारच्या गावास, मग पाळकास, आणि सर्वांच्या शेवटी ज्याचा दोष त्याला कळते की आपल्याविषयी बोलणे चालू आहे. प्रभूने मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात ह्याच्या बरोबर उलट क्रम घालून दिला आहे. प्रथम त्या बंधूकडे एकट्याने जावे, मग एकदोघांस बरोबर घ्यावे, आणि मंडळीस सांगणे हे त्यानंतर. आपण शेवटची पायरी प्रथम चढतो, म्हणून बंधू मिळण्याऐवजी गमावतो.

उपदेशक बंधूंनी ह्याविषयी विशेष जपावे. त्यांच्यापाशी लोक आपली घरची दुःखे उघडी करितात. एका घरात ऐकिलेले दुसऱ्या घरात गेले तर त्या गावात पुन्हा कोणी आपले पाप कबूल करावयास येणार नाही. सभेतील प्रार्थनेतही दुसऱ्याच्या पतनाचे नाव घेऊन वर्णन करू नये. डोळे मिटून केलेली कुटाळकी ही कुटाळकीच असते. त्याऐवजी त्या घरी जावे, ओट्यावर बसावे, आणि कृपा सदनाच्या दाराप्रमाणे आपले दार उघडे आहे हे त्या माणसास कळू द्यावे.

रमाबाईंनी आपली अखेरची वर्षे पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्यात घालविली. खेड्यातील अशिक्षित बायांना समजेल अशा सोप्या मराठीत त्यांनी ते मूळ भाषांवरून केले. 1921 साली मनोरमाबाई वारल्या. तरी आईने लेखणी ठेविली नाही. काम पुरे करून 5 एप्रिल 1922 रोजी बाई प्रभूकडे गेल्या, आणि 1924 साली ते शास्त्र मुक्ति सदनाच्या छापखान्यातून प्रसिद्ध झाले. शोमरोनी बाईची जी गोष्ट त्यांना एका परक्या देशात वाचून दाखविण्यात आली होती, तीही त्यात आहे. ती त्यांनी आपल्या हाताने आपल्या भगिनींसाठी मराठीत उतरविली. ह्या आठवड्यात ज्याच्याविषयी बोलण्यास आपली जीभ वळवळेल, त्याच्या घरी जाण्यापूर्वी तो अध्याय एकदा वाचावा, अशी आमची विनंती आहे.