दोन मुखवट्यांचा नायक

महानायकांच्या चित्रकथांचा एक ठरलेला नियम आहे. नायकाला दोन नावे लागतात. एक घरातले आणि एक जगापुढचे. आकाशात झेपावणारा सुपरमॅन एरवी क्लार्क केंट नावाचा बुजरा पत्रकार असतो. आपला वेताळ मुखवटा उतरवून बाहेर पडला की वॉकर होतो. हा नियम एका हाडामांसाच्या माणसाने जन्मभर पाळला. जगापुढचे त्याचे नाव फ्रेडी मर्क्युरी, घरातले फारोख बुलसारा. आणि या फारोखच्या बालपणाचा मोठा हिस्सा आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीत गेलेला आहे.

मी वाढलो ऊर्जानगरच्या वसाहतीत. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला, त्या सुमाराचे ते दिवस. आम्हा मुलांना रॉक संगीताचा गंध नव्हता. पण हिंदीतली इंद्रजाल कॉमिक्स हातोहात फिरत आणि वेताळ, जादूगार मँड्रेक यांच्या जोडीला त्यांत फ्लॅश गॉर्डनही असे. परग्रहावर जाऊन जुलमी सम्राट मिंगशी झुंजणारा हा सोनेरी केसांचा वीर. या वीराच्या चित्रपटाला पाचगणीत शिकलेल्या एका पारशी मुलाने आपल्या साथीदारांसह संगीत दिले आहे, हे मला फार पुढे कळले. तेव्हापासून फ्रेडीच्या आयुष्याकडे मी एका चित्रकथेसारखाच पाहत आलो आहे.

फारोखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांझिबारचा. वडील बोमी ब्रिटिश सरकारी नोकरीत रोखपाल, आई जेर. बुलसारा हे आडनाव गुजरातेतल्या बुलसारवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेले. मुलगा आठ वर्षांचा झाला तेव्हा आईवडिलांनी त्याला बोटीने हिंदुस्थानात पाठवले आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवले. एवढ्या लहान वयात घर इतके दूर गेले की मूल स्वतःभोवती काहीतरी विणायला लागते. फारोखने काय विणले? तो मुष्टियुद्ध खेळला, टेबल टेनिस खेळला, चित्रे काढली, पियानो शिकला. फ्रेडी हे नावही शाळासोबत्यांच्या तोंडीच रुजले. चार मित्रांबरोबर त्याने द हेक्टिक्स नावाचे वाद्यवृंद काढले, पण त्यात तो मुख्य गायक नव्हता. पियानोवर बसून साथ करणारा मुलगा होता. पुढे आलेल्या दातांमुळे तो हसताना तोंड झाकी.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला आणि पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली. बुलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला गेले आणि लंडनजवळच्या फेल्टममध्ये राहू लागले. मुलाने हीथ्रो विमानतळावर सामानही उचलले. मात्र शिक्षण घेतले ते चित्रकलेचे. ईलिंगच्या कला महाविद्यालयातून १९६९ मध्ये तो ग्राफिक कलेची पदविका घेऊन बाहेर पडला. त्याचे सारे चरित्र समजून घ्यायचे तर ही पदविका विसरून चालणार नाही. गाणारे पुष्कळ असतात. स्वतःला आधी कागदावर रेखाटून मग तसे होणारे विरळा.

१९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर त्याने नवा संच उभारला. क्वीन हे नाव त्याने सुचवले आणि स्वतःचे आडनाव बदलून मर्क्युरी केले. पुढच्या वर्षी जॉन डीकन येऊन मिळाला. संचाचे मानचिन्हही फ्रेडीनेच चितारले. टेलर आणि डीकन सिंह राशीचे म्हणून दोन सिंह, मे कर्केचा म्हणून खेकडा, आपल्या कन्या राशीसाठी दोन पऱ्या आणि या सर्वांवर पंख पसरलेला फिनिक्स, राखेतून पुन्हा उठणारा पक्षी.

चित्रकथेतला नायक चेहऱ्याने नव्हे, नुसत्या आकृतीवरून ओळखू यावा लागतो. फ्रेडीने हे पुरते जाणले होते. एका कार्यक्रमात मायक्रोफोनचा दांडा मधोमध तुटला, तेव्हा तो अर्धा दांडाच त्याने कायमचा हातात ठेवला. वेताळाला कवटीची अंगठी तसा त्याला हा दांडा. आधी लांब केस आणि रेशमी झगे, १९८० पासून बारीक केस आणि दाट मिशा, १९८६ मध्ये ते पिवळे जाकीट. दात मात्र त्याने तसेच ठेवले. जबड्यात जादा दात होते. त्यांना हात लावला तर आवाज बिघडेल अशी त्याला भीती होती. तोंड झाकणाऱ्या मुलाने आपल्या उणिवेचीच मुद्रा करून टाकली.

१९७५ मध्ये त्याच्या बोहेमियन ऱ्हॅप्सडीने ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिले स्थान राखले. पाच वर्षांनी फ्लॅश गॉर्डन आला. हा वीर अलेक्स रेमंड या अमेरिकी चित्रकाराने ७ जानेवारी १९३४ रोजी वृत्तपत्राच्या पानावर जन्माला घातला होता. रेमंड १९५६ मध्ये मोटार अपघातात गेला. जॉर्ज ल्युकसला या कथेवर चित्रपट काढायचा होता. हक्क मिळाले नाहीत म्हणून त्याने स्टार वॉर्स रचला. हक्क असलेल्या दीनो दे लॉरेंतिसने मग माइक हॉजेसकडून चित्रपट करून घेतला आणि संगीतासाठी क्वीनला बोलावले. अशा भव्य चित्रपटाचे पार्श्वसंगीत रॉक संचाने करावे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. वाद्यवृंदाचा भाग हॉवर्ड ब्लेकने सांभाळला. शीर्षकगीत ब्रायन मेचे. फ्रेडीच्या वाट्याला इतर प्रसंगांबरोबर मिंगच्या दरबारातली ती मारामारी आली. शिपाई चालून येतात आणि फ्लॅश अमेरिकी फुटबॉलचे डावपेच वापरून त्यांना लोळवतो. अनेक वर्षे सिंथेसायझरला शिवणार नाही असे आपल्या तबकड्यांवर मिरवणाऱ्या संचाने इथे त्याचा सढळ वापर केला. फ्रेडीची ती धून आजही ऐका. पळणाऱ्या पायांचा ठेका कानात भरतो.

मला त्यात एक मर्म दिसते. फ्लॅश गॉर्डनपाशी कसलीही दैवी शक्ती नाही. त्याला उडता येत नाही, गोळी लागली तर तो मरेल. एक खेळाडू परक्या ग्रहावर जाऊन पडतो आणि जे येते त्याच्या बळावर उभा राहतो. पाचगणीत, झांझिबारात, फेल्टममध्ये उपरा ठरलेल्या फारोखला हा वीर समजावून सांगण्याची गरज नव्हती. १३ जुलै १९८५ ला वेम्ब्लीच्या मैदानात लाइव्ह एडच्या मंचावर सुमारे एकवीस मिनिटांत त्याने सत्तर हजारांहून अधिक माणसे एका हाताच्या इशाऱ्यावर डोलवली, तीही याच जातीच्या बळावर.

हा झाला पहिला मुखवटा. तो त्याने हौसेने रेखाटला आणि दिमाखात मिरवला. दुसरा मात्र त्याने निवडलेला नव्हता. १९८७ मध्ये त्याला एड्सचे निदान झाले. तो काळ आठवा. या रोगाचे नाव तिकडे छापील कुचेष्टेत निघे आणि आपल्याकडे दबक्या आवाजात. रुग्णापेक्षा त्याच्या चारित्र्याचीच चिकित्सा अधिक होई. फ्रेडी गप्प राहिला. वार्ताहर दाराशी टपून असत. तो रोडावत गेला, तरी ध्वनिमुद्रण थांबवले नाही. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने निवेदनाद्वारे आजार जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, लंडनच्या राहत्या घरी प्राण सोडला.

त्याने आधी बोलायला हवे होते, म्हणजे कित्येकांना धीर आला असता, असे म्हणणारे तेव्हा होते आणि आजही आहेत. मला हे म्हणणे पटत नाही. चित्रकथेतला नायक आपली ओळख लपवतो ती आपल्या माणसांना शत्रूपासून वाचवण्यासाठी. फ्रेडीनेही निवेदनात जवळच्यांच्या खासगीपणाचेच कारण दिले होते. मग त्याच्या कथेतला शत्रू कोण होता? रोगापेक्षा रोग्याला भिणारा, त्याच्यावर हसणारा समाजच ना? दुसरा मुखवटा आपण सर्वांनी मिळून त्याच्या तोंडावर चढवला. त्याबद्दल जाब त्याला विचारायचा नसतो.

अंत्यविधी जरथुष्ट्री पद्धतीने, पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनांनी झाले. त्या प्रार्थना मर्क्युरीसाठी नव्हत्या, फारोख बुलसारासाठी होत्या. त्याच्या साथीदारांनी पुढे एड्सविरुद्धच्या कामासाठी निधी उभारला आणि त्याला नाव दिले मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट. चित्रकलेच्या त्या विद्यार्थ्याने मानचिन्हात सर्वांवर पंख पसरून बसवलेला पक्षी आज त्याच कामावर आहे, जे काम करण्याइतके आयुष्य त्याला मिळाले नाही.