मतं हरली, पण बाजू सोडली नाही : नामदार गोखले

निवडणूक आली की आपण पुढाऱ्याला विचारतो, गावासाठी काय आणलं? रस्ता, सभामंडप, ट्रान्सफॉर्मर. विचारणं बरोबरच आहे. पण कायदा होताना सभागृहात त्यानं हात कुठल्या बाजूनं वर केला, हे फारसं कुणी विचारत नाही. शेतसारा, कर्ज, मीठ, मुलांची शाळा या सगळ्यांवर परिणाम होतो तो त्या हाताचा. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचं काम या बाजूनं पाहण्यासारखं आहे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावचा. वडील कागल संस्थानात नोकरीला होते. ते १८७९ साली वारले. थोरले बंधू गोविंदराव यांना महिना पंधरा रुपये पगार. त्यातले आठ रुपये ते गोपाळच्या शिक्षणासाठी पाठवीत. अशा ओढगस्तीत १८८४ साली ते बी. ए. झाले. पुढे पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापकी केली. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली सरकारी जमाखर्चाचा आणि शेतीच्या प्रश्नांचा अभ्यास केला. आकडे तपासल्याशिवाय बोलायचं नाही, ही शिस्त त्यांना तिथं लागली.

मुंबई कायदेमंडळात गेल्यावर पहिली मोठी लढत झाली ती जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीवर, १९०१ साली. १८९९-१९०० च्या दुष्काळानं रयत मोडली होती, सारा थकला होता. सारा थकून सरकारजमा झालेली जमीन परत देताना, ती कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता किंवा गहाण ठेवता येणार नाही, अशी अट घालण्याची मुभा सरकारला हवी होती. जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये, हे कारण सांगितलं गेलं. कारण वाईट नव्हतं. पण गोखले आणि फिरोजशहा मेहता यांचं म्हणणं असं की, सावकाराचं दार बंद करायचं तर आधी दुसरं दार उघडा. जुनं कर्ज मिटवा, स्वस्त व्याजाच्या पैशाची सोय करा. नाहीतर शेतकऱ्याची पत जाईल आणि अडचण तशीच राहील. निदान लोकांचं मत तरी घ्या, ही मागणीही सरकारी मतांच्या जोरावर फेटाळली गेली. तेव्हा मेहता, गोखले आणि आणखी काही सभासद सभागृह सोडून गेले. कायदा झालाच. सातबाऱ्यावर नवीन शर्त किंवा भोगवटादार वर्ग-२ लिहिताना तलाठी भाऊसाहेबांनी ध्यानात घ्यावं, मुंबई इलाख्यात या शर्तीची सुरुवात तिथून आहे.

पुढे गोखले व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. त्यांना निवडून देणारे कोण? मुंबई कायदेमंडळातले मूठभर बिनसरकारी सभासद. शेतकऱ्याला मत नव्हतं. म्हणजे शेतकऱ्याचं देणं लागत नसतानाही हा माणूस त्याच्या बाजूनं उभा राहिला. सभागृहात बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचं, आणि त्या काळी अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. २६ मार्च १९०२ रोजी पहिल्याच भाषणात त्यांनी सरकारचेच आकडे मांडून दाखवलं की, देशात दुष्काळ आणि तिजोरीत शिल्लक, याचा अर्थ रयतेकडून जास्त घेतलं जातंय. मिठावरचा कर कमी करा, सारा हलका करा, शाळांवर खर्च करा, ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरली. मिठाचा कर तेव्हा मणाला, म्हणजे सुमारे ३७ किलोला, अडीच रुपये होता. तो १९०३ साली दोन, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपयावर आला. श्रेय एकट्याचं नाही, पण त्यांचा तगादा त्यात होताच. साऱ्याच्या मागणीला मात्र तसं यश आलं नाही.

१९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. गोखल्यांनी त्याचं स्वागत केलं, पण जो आधीच कर्जात बुडालाय त्याला यातून काय मिळणार, हेही विचारलं. थकबाकीदाराला सोसायटी दारात उभी करत नाही, हे आपल्याला माहीतच आहे.

१९१० पासून ठरावांवर मतं होऊ लागली. त्यांच्याच ठरावावरून नाताळला करारानं मजूर पाठवणं १९११ पासून बंद झालं. ही पद्धत सगळीकडेच बंद करा, हा ठराव १९१२ च्या मार्चमध्ये ३३ विरुद्ध २२ मतांनी पडला. त्याच महिन्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं त्यांचं बिल ३८ विरुद्ध १३ नं पडलं. ते बिल काही अचाट नव्हतं. जिथली स्थानिक संस्था तयार असेल तिथंच सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची, आणि महिना दहा रुपयांच्या आत मिळकत असलेल्याला फी माफ. तेवढंही मान्य झालं नाही. सगळ्या देशासाठी मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला.

त्यांची सगळीच मतं आपल्याला पटतील असं नाही. १९१० च्या छापखान्यांवर बंधनं घालणाऱ्या कायद्यावर त्यांनी टीका केली, पण विरोधी मत दिलं नाही. ते मदनमोहन मालवीय आणि भूपेंद्रनाथ बसू या दोघांनी दिलं. चांगल्या माणसाच्याही नोंदीत दोन्ही बाजू वाचाव्यात.

सभागृहाबाहेरही काम चालूच होतं. पुणे नगरपालिकेचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाज काढला. त्यातले गोपाळ कृष्ण देवधर यांनी सहकारी पतपेढ्यांच्या कामाला वाहून घेतलं. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, गोखले पुण्यात वारले.

हरलेल्या मतांची यादी मोठी आहे. पण कराराची मजुरी १९१७ साली थांबली आणि सक्तीचं शिक्षणही पुढे कायद्यात आलं. आज मत आपल्या हातात आहे. लोकसभेचं कामकाज छापलं जातं. आवाजी मतदानात नावं कळत नाहीत, पण मतविभागणी झाली की नोंद राहते. खासदार गावात आले की रस्त्याबरोबर हेही विचारा, बियाण्याच्या, पाण्याच्या, जमिनीच्या कायद्यावर तुम्ही बोललात का, आणि हात कुठल्या बाजूनं वर केलात?