बाभळीच्या फळ्या, चांदीच्या उथळ्या: पंडिता रमाबाई आणि निवासमंडप

आजचे वाचन: निर्गम ३५:२०-२९; ३८:८, २५-२७; इब्री १०:१९-२२



निर्गम वाचताना निवासमंडप आला की आपल्यापैकी बरेच जण पानं भराभर उलटतात. इतके हात लांब, तितके हात रुंद, कड्या, आकड्या, पडदे. मोबाईलवर तर अंगठा फिरवला की दोन अध्याय संपतात. म्हणून आज मी हे अध्याय एका बाईच्या आयुष्याशेजारी ठेवून वाचणार आहे. पंडिता रमाबाईंनी हे अध्याय नुसते वाचले नाहीत. त्यांनी त्यासाठी इब्री शिकून, गावातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत ते आणले.

तंबू

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं होतं. रमा काही महिन्यांची असताना घर सुटलं ते कायमचं. पुढची कितीतरी वर्षं हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत, पायी हिंडत राहिलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतरानं गेली. भाऊ श्रीनिवास आणि रमा चालत राहिले. कलकत्त्यात त्यांच्या विद्वत्तेचा गौरव झाला, ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. मग भाऊ गेला. बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी लग्न झालं, आणि १८८२ मध्ये तेही गेले. हातात लहानगी मनोरमा उरली.

आता निवासमंडप बघा. देवानं पहिल्यांदा आपल्या लोकांमध्ये राहायचं ठरवलं तेव्हा दगडी मंदिर मागितलं नाही, तंबू मागितला. लोक चालले की तोही उठायचा. योहान पहिल्या अध्यायात शब्द देही झाल्याचं सांगतो, तिथल्या ग्रीक क्रियापदातही तंबू ठोकण्याचा अर्थ आहे. ख्रिस्त आपल्यामध्ये तंबू ठोकून राहिला. दर अकरा महिन्यांनी भाड्याचा करार संपला की सामान बांधणाऱ्या आपल्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! आपलं बस्तान बसण्याची तो वाट बघत नाही.

अंगण

मंडपाच्या अंगणाला दार एकच. आत आलं की समोर वेदी, मग गंगाळ, आणि त्यापुढे पवित्रस्थान. अंगणात पोहोचलेला माणूस आत पोहोचलेलाच असतो असं नाही.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये झाला. त्यानंतर त्या अमेरिकेला गेल्या, पुस्तक लिहिलं, ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. एवढं सगळं करत असताना त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, पण ख्रिस्त मिळायचा राहिलाय. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांनी स्वतःला पूर्णपणे त्याच्या स्वाधीन केलं, आणि मनाला शांती मिळाली. हे त्यांनी स्वतःच्या साक्षीत मोकळेपणानं सांगितलंय.

मला त्यांच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात जास्त टोचतो. आपण क्वायरमध्ये असतो, युथ मीटिंग चालवतो, स्टेटसला वचन ठेवतो. हे सगळं अंगणात राहूनही करता येतं. अंतरपट तर वरपासून खालपर्यंत फाटलाय. इब्री लोकांस पत्र सांगतं की तो पडदा म्हणजे ख्रिस्ताचा देह. वाट मोकळी आहे. मग आपण बाहेर का थांबलोय?

बाभूळ आणि चांदी

मंडपाच्या फळ्या बाभळीच्या लाकडाच्या होत्या. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात बांधाबांधावर बाभूळ आहे. काटेरी, वाकडीतिकडी, पण लाकूड चिवट. औताला, बैलगाडीला हेच लाकूड लागायचं. बाग सजवायला मात्र कुणी बाभूळ लावत नाही. देवानं नेमकं हेच लाकूड घेतलं आणि सोन्यानं मढवलं. जुने भाष्यकार यात ख्रिस्ताचं मनुष्यपण आणि देवपण बघतात.

या फळ्या अठ्ठेचाळीस. प्रत्येकीखाली चांदीच्या दोन उथळ्या. ही चांदी आली कुठून? शिरगणतीच्या वेळी प्रत्येकानं आपल्या प्राणाची खंडणी म्हणून दिलेल्या अर्ध्या शेकेलातून. श्रीमंतानं जास्त द्यायचं नाही, गरिबानं कमी द्यायचं नाही. सगळी फळी उभी राहते ती खंडणीवर.

१८९३ मध्ये शारदा सदनवरून पुण्यात वादळ उठलं, सल्लागार मंडळातले मोठे सुधारक बाजूला झाले, अनेक मुलींना पालकांनी काढून नेलं. तीन वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळात आईवडील गमावलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली, विधवा घेऊन आल्या. दौंड तालुक्यातल्या केडगावच्या शेतात ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या सुमारास तिथे जवळजवळ दोन हजार जणी होत्या, वेगवेगळ्या जातींच्या. कुणाला चालता येत नव्हतं, कुणाला दिसत नव्हतं. समाजानं बाभळीसारखं बाजूला टाकलेलं हे लाकूड. पण उथळी सगळ्यांखाली एकच, ख्रिस्तानं भरलेली खंडणी.

आरसे

आता निर्गम ३८:८ वाचा. गंगाळ कशाचं केलं? दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या पितळी आरशांचं. त्या काळी आपल्याकडे विधवेचे केस काढत, कुंकू पुसत, दागिने उतरवत. आरशात बघायचं कारणच उरत नसे. अशा मुली केडगावात सूत कातायला, विणायला शिकल्या, अगदी निर्गम ३५ मधल्या स्त्रियांसारख्या. छापखान्यात खिळे जुळवायलाही शिकल्या. रमाबाईंनी केलेलं भाषांतर त्यांच्याच हातांनी छापलं गेलं. ज्यांच्याकडे द्यायला आरसा नव्हता, त्यांनी हात दिले.

२४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. आई काम करत राहिली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई प्रभूकडे गेल्या, आणि १९२४ मध्ये संपूर्ण पवित्र शास्त्र मुक्तीतून प्रसिद्ध झालं. ते पुस्तक हातात घ्यायला त्या नव्हत्या.

आजसाठी

१. मी अंगणात आहे की आत? आज प्रामाणिकपणे देवाला सांगा.
२. ‘माझ्याकडे देण्यासारखं काही नाही’ असं मनात येत असेल, तर हातात काय आहे ते बघा. एखादं कौशल्य, मोकळी संध्याकाळ, कुणासाठी अर्धा तास. तेच घेऊन या.

प्रार्थना

प्रभू येशू, तू आमच्यामध्ये तंबू ठोकलास म्हणून तुझे आभार. आम्ही काटेरी लाकूड आहोत, आम्हाला घडव. दाराशीच रेंगाळणाऱ्या आम्हाला हात धरून आत ने. आणि आमचं काम पूर्ण झालेलं आम्ही पाहिलं नाही, तरी ते तुझ्या हाती सोपवायला शिकव. आमेन.