रोनाल्ड रॉस : पिण्याच्या पाण्यापासून डासापर्यंत

हिवताप दूषित पाणी प्यायल्याने होतो, असा समज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक डॉक्टरांमध्ये होता. हा समज प्रयोगाच्या कसोटीवर घासून रोगाचा खरा मार्ग दाखवणारे संशोधक म्हणजे सर रोनाल्ड रॉस.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते १८८१ मध्ये भारतीय वैद्यकीय सेवेत दाखल झाले. त्यांची नेमणूक मद्रास इलाख्यात झाली. बंगळूर येथे असताना निवासाजवळच्या पिंपातील पाणी ओतून टाकल्यावर डास कमी झाल्याचे त्यांच्या लक्षात आले.

हिवतापाच्या परजीवीचा शोध लाव्हराँ यांनी १८८० मध्ये लावला होता. मात्र तो माणसाच्या शरीरात कसा शिरतो, हे गूढ होते. रॉस यांचे मार्गदर्शक पॅट्रिक मॅन्सन यांच्या मते डास पाण्यात मरतो, परजीवी पाण्यात मिसळतो आणि ते पाणी पिणाऱ्याला हिवताप होतो. १८९५ मध्ये सिकंदराबाद येथे रॉस यांनी रुग्णांचे रक्त प्यायलेले डास ज्यात मेले होते, असे पाणी काही स्वयंसेवकांना पाजले. परंतु या कल्पनेला ठोस पुरावा मिळाला नाही.

अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठराच्या भित्तिकेत त्यांना परजीवी आढळला. १८९८ मध्ये कोलकाता येथे पक्ष्यांवरील प्रयोगांतून हा संसर्ग डासाच्या दंशाने पसरतो, हे त्यांनी सिद्ध केले. १९०२ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

पाण्यावाटे पोटात जाणारे परजीवी वेगळे आहेत. नारूचे जंतू पाण्यातील सूक्ष्म सायक्लॉपमधून शरीरात शिरतात. पाणी गाळून पिण्याची सवय, पायविहिरींचा बंद झालेला वापर आणि रुग्णांची सातत्याने घेतलेली नोंद यांमुळे भारत २००० मध्ये नारूमुक्त ठरला.

हिवतापाच्या बाबतीत मात्र पाणी पिण्यापेक्षा ते साठवण्याची पद्धत निर्णायक ठरते. शहरी हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा डास चेन्नईत विहिरी व गच्चीवरील टाक्यांमधील स्वच्छ पाण्यातच वाढतो. त्यामुळे अड्यारसारख्या दाट वस्तीत पाण्याची तपासणी नळापाशी थांबून चालत नाही. टाकीला घट्ट झाकण, विहिरीवर जाळी आणि अळ्यांची नियमित पाहणी तितकीच आवश्यक ठरते. बंगळूरच्या त्या पिंपाने रॉस यांना हेच दाखवून दिले होते.