रेव्हरंड हायरम बिंगम आणि त्यांचे लाकडी घर

प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर, होनोलुलू शहरी, एक जुने दुमजली लाकडी घर आहे. ते १८२१ साली उभे राहिले. त्या बेटांवर आजवर टिकलेल्या लाकडी घरांत ते सर्वांत जुने होय. जवळच्या उपासनामंदिरासह त्याला १९६२ साली राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा मान मिळाला. त्या घरात प्रथम राहावयास गेलेल्या मिशनरी मंडळींचे पुढारी रेव्हरंड हायरम बिंगम यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहोत.

बिंगम यांचा जन्म १७८९ साली अमेरिकेतील बेनिंग्टन गावी झाला. १८१९ च्या ऑक्टोबरात सिबिल मोझली यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि दोन आठवडे लोटण्यापूर्वीच उभयता जहाजावर चढली. पाच महिन्यांच्या प्रवासानंतर ती हवाई बेटांस पोहोचली. ज्या अमेरिकन बोर्डाने त्यांना पाठविले, त्याच बोर्डाच्या गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट यांनी १८१३ साली मुंबईस मराठी मिशनाचा पाया घातला होता. तेव्हा हे चरित्र आपणांस अगदीच परके नव्हे.

आरंभी ही मंडळी गवताने शाकारलेल्या झोपड्यांत राहिली. पुढे बोस्टनहून घराचे लाकूड कापून, जुळवून जहाजाने आले. परदेशीयांस असे घर बांधू द्यावे की नाही, याविषयी राजा लिहोलिहो प्रथम साशंक होता; अखेर त्याने परवानगी दिली. परंतु हे घर थंड मुलुखाच्या बेताचे! खिडक्या लहान, छते ठेंगणी. ऊब आत राहावी अशी सर्व योजना. उष्ण कटिबंधात ती त्रासदायकच ठरली.

घर तयार आणता आले, पण भाषा मात्र तेथील लोकांपासूनच शिकावी लागली. बिंगम व त्यांचे सहकारी ती कानांनी ऐकून लिहू लागले. १८२२ साली छपाई सुरू झाली, १८२६ साली बारा अक्षरांची वर्णमाला ठरली आणि १८३९ साली संपूर्ण पवित्र शास्त्र हवाई भाषेत छापून झाले. बांधकामही हळूहळू पालटले. मिशनाच्या पुढील इमारतींस समुद्रातील प्रवाळखडकाचे चिरे वापरण्यात आले. बिंगम यांनी आखलेल्या कावाइआहाओ मंदिरास असे सुमारे १४,००० चिरे लागले. ते हवाई लोकांनी समुद्रात बुड्या मारून कापून आणिले.

तथापि सर्वच बाबतींत बिंगम यांस असे शिकता आले नाही. स्वभाव करडा, मत ठाम. तेथील हुला नृत्यात त्यांस केवळ दोषच दिसला. राज्यकारभारातील त्यांच्या ढवळाढवळीबद्दल बोर्डही नाराज झाले. पत्नीच्या आजारामुळे १८४० साली ते मायदेशी गेले. पुन्हा त्यांची तेथे नेमणूक झाली नाही. १८४२ साली पूर्ण झालेले आपले मंदिर त्यांनी कधीच पाहिले नाही. १८६९ साली ते निवर्तले.

विद्यार्थिमित्रांनो, बिंगम यांचे श्रम थोर होते, आणि उणीवही लहान नव्हती. परक्या भूमीस आपण काय देतो, इतकेच पाहून भागत नाही. तिच्यापासून काय घेतो, हेही पाहिले पाहिजे. बोस्टनचे लाकूड व समुद्रातील प्रवाळ यांच्या त्या शेजारी उभ्या इमारती आम्हांस हेच सांगतात.