माळ्यावरचे जीबी

लेखक जन्मावा लागतो, तो घडवता येत नाही, असे आपल्याकडे मोठ्या विश्वासाने म्हटले जाते. गाणे शिकायला गुरू लागतो, हे धारवाडात कुणाला सांगावे लागत नाही. कथा-कादंबरी लिहिणाऱ्याने मात्र सगळे काही आईच्या पोटातूनच शिकून यावे, अशी आपली अपेक्षा असते. दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी तरी माझ्याकडे वही घेऊन येतात. कुणी कथा लिहिलेली असते, कुणाच्या डोक्यात चित्रपट घोळत असतो. हे शिकायचे कुठे, असे ते विचारतात. त्यांना उत्तर म्हणून मी आपल्याच गावातील एका माणसाची हकीकत सांगतो. कन्नड विभागातील विद्यार्थ्यांना ती ठाऊक असते. मराठी विभागात मात्र ते नाव फारसे कुणी ऐकलेले नसते. म्हणून ती येथे लिहून काढीत आहे.

लेखनकला शिकवण्याचा मोठा प्रयत्न मराठीत झाला तो पुस्तकाच्या रूपाने. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणारे प्रा. ना. सी. फडके यांनी 1931 साली ‘प्रतिभासाधन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. कथानक कसे रचावे, पात्रे कशी उभी करावीत, वाचकाची उत्कंठा कशी टिकवावी, याचे शास्त्र त्यांनी मांडले. तंत्राने कला हाती लागते काय, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण लिहिणाऱ्या तरुणाच्या हाती काहीतरी द्यावे, ही तळमळ त्यामागे होती, हे नाकारता येत नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1933 साली, धारवाडात एका निराळ्या मार्गाने हेच काम सुरू झाले. ते सुरू करणारे गृहस्थ प्राध्यापक नव्हते आणि त्यांनी लेखनकलेवर ग्रंथही लिहिला नाही. ते म्हणजे गोविंदाचार्य भीमाचार्य जोशी. गावाला ते जी. बी. जोशी, किंवा नुसते ‘जीबी’, म्हणून माहीत होते.

जीबींचा जन्म 29 जुलै 1904 रोजी गदगजवळच्या होंबळ या खेड्यात झाला. त्याच वर्षी जन्मलेले आणखी एक नाटककार पुढे धारवाडात नावारूपाला आले. ते म्हणजे कर्नाटक महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे श्रीरंग, अर्थात आद्य रंगाचार्य. या पिढीने आपले तारुण्य मुंबई इलाख्यात घालवले. धारवाड, बेळगाव, विजापूर हे जिल्हे तेव्हा मुंबई सरकारच्या अमलाखाली होते. नाटकमंडळ्या मराठी होत्या आणि घरोघरी वाचल्या जाणाऱ्या कादंबऱ्याही पुष्कळशा मराठीच. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या कन्नडमध्ये आणणारे गळगनाथ पुस्तकांचे ओझे स्वतः वाहून नेत गावोगाव विकीत, ही आठवण या भागात अजून सांगितली जाते. म्हणजे वाचक होता, पण त्याच्यापर्यंत पोचण्याचा रस्ता नव्हता. लिहिणारेही होते, पण त्यांचे लिखाण छापणार कोण?

या परिस्थितीत धारवाडात दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांच्याभोवती तरुणांचा एक मेळावा जमला होता. कन्नडमध्ये त्याला ‘गेळेयर गुंपु’, म्हणजे मित्रमेळा, म्हणत. घरी मराठी बोलणारे बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले, ही आपणा सर्वांना परिचित असलेली गोष्ट. विनायक कृष्ण गोकाक, शं. बा. जोशी, बेटगेरी कृष्णशर्मा ही मंडळी त्या मेळ्यातली. एकमेकांच्या कविता ऐकायच्या, त्यांवर बोलायचे, भांडायचे आणि पुन्हा लिहायचे, हाच त्यांचा अभ्यासक्रम. जीबी या वातावरणात वाढले. 1933 साली त्यांनी ‘मनोहर ग्रंथमाला’ सुरू केली तेव्हा बेंद्र्यांचे मार्गदर्शन तिला होते.

ग्रंथमालेची घडण साधी होती. वाचकाने वर्षाची वर्गणी भरायची आणि ग्रंथमालेने वर्षभरात ठरलेली पुस्तके त्याला घरपोच द्यायची. वर्गणीदार मिळवण्यासाठी जीबी स्वतः गावोगाव हिंडले. आता या योजनेचा लिहिणाऱ्याला काय फायदा झाला, ते पाहावे. एरवी प्रकाशक नव्या लेखकाचे पुस्तक घ्यायला बिचकतो, कारण ते खपेल की नाही याची त्याला धास्ती असते. येथे पुस्तक निघण्याआधीच वाचक ठरलेला होता. तो लेखकाच्या नावावर नव्हे, तर निवडणाऱ्याच्या पारखीवर विश्वास ठेवून पैसे भरीत होता. सर्वस्वी अनोळखी तरुणाची पहिली कादंबरी गावोगावच्या घरांत जाऊन पडावी, हे त्यामुळे शक्य झाले. सुप्रसिद्ध साहित्यिकांइतकेच हे अनामिक वर्गणीदारही कन्नड कादंबरीचे आश्रयदाते होत, असे मला वाटते.

आता त्या जागेविषयी. धारवाडच्या सुभाष रस्त्यावर एक जिना चढून गेले की ग्रंथमालेचा माळा लागतो. कन्नडमध्ये त्याला ‘अट्ट’ म्हणतात. ग्रंथमाला आणि तिचा माळा, ही कोटी मराठी माणसाला सुचल्यावाचून राहत नाही. पण कोटीपुरती ती जागा लहान नव्हती. तिथे कवी येत, नाटककार येत, समीक्षक येत. कुणाचे तरी हस्तलिखित वाचले जाई आणि त्यावर स्पष्ट बोलले जाई. जीबींच्या शेजारी या कामात एक मोठा माणूस उभा होता: कीर्तिनाथ कुर्तकोटी. 1928 साली जन्मलेले हे समीक्षक ग्रंथमालेचे साहित्यविषयक सल्लागार झाले. 25 वर्षांच्या वाटचालीनिमित्त ग्रंथमालेने ‘नडेदु बंद दारि’, म्हणजे चालून आलेली वाट, हे खंड काढले; त्यांत आधुनिक कन्नड साहित्याचा विस्तृत आढावा कुर्तकोटींनी घेतला. पण ग्रंथांतल्या समीक्षेइतकीच त्यांची हस्तलिखितांवरची समीक्षा मोलाची ठरली. छापून झालेल्या पुस्तकाचे दोष सांगणारे पुष्कळ असतात. ते छापण्यापूर्वी, दुरुस्तीला वाव असताना, दोष सांगणारा लेखकाच्या खरा उपयोगी पडतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे गिरीश कार्नाड. कार्नाड आपल्या कर्नाटक महाविद्यालयाचे विद्यार्थी. 1958 साली गणित घेऊन ते पदवीधर झाले आणि 1960 साली ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला निघाले. इंग्रजीत कविता लिहून जगभर नाव काढावे, हे त्यांचे स्वप्न होते. पण जाण्यापूर्वीच्या घालमेलीत त्यांच्या हातून नाटक उतरले, आणि तेही कन्नडमध्ये: ‘ययाति’. ते हस्तलिखित माळ्यावर पोचले. कुर्तकोटींनी ते वाचले, जीबींनी ते स्वीकारले, आणि 1961 साली पुस्तक निघाले. तेव्हा लेखक 22-23 वर्षांचा होता व सातासमुद्रांपलीकडे होता. मायदेशी परतण्याचा आपला निर्णय या स्वीकारामुळे पक्का झाला, असे कार्नाडांनी पुढे सांगितले आहे. विचार करा, एका प्रकाशकाच्या होकाराने एक लेखक एका भाषेला मिळाला. नाही तर इंग्रजीत मधूनमधून कविता लिहिणारा एखादा अधिकारी आपल्याला मिळाला असता.

हे एवढ्यावर थांबले नाही. कन्नडमध्ये खऱ्या अर्थाने आधुनिक असे ऐतिहासिक नाटक नाही, अशी खंत कुर्तकोटींनी कार्नाडांजवळ बोलून दाखवली. तरुण लेखकाने ते मनावर घेतले, इतिहासाची पाने उलटायला सुरुवात केली, आणि महंमद तुघलकापाशी येऊन तो थबकला. 1964 साली प्रसिद्ध झालेले ‘तुघलक’ ते हेच. विजय तेंडुलकरांनी ते मराठीत आणले, हे आपल्या विभागाच्या वाचकांना ठाऊक असेलच. नवोदिताला विषय सुचवणे ही जोखमीची गोष्ट असते. बहुधा त्यातून मागणीबरहुकूम लिखाण निघते. येथे विषय सुचवला नव्हता. आपल्या साहित्यात कोणती जागा रिकामी आहे, एवढेच दाखवले होते. ती कशी भरायची, हे लेखकावर सोडले होते. शिकवण्याची ही रीत आम्हा अध्यापकांनीही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पटकथा लिहू इच्छिणाऱ्यांसाठी आणखी एक धागा सांगतो. यू. आर. अनंतमूर्ती बर्मिंगहॅममध्ये संशोधन करीत असताना त्यांनी इंगमार बर्गमनचा ‘द सेव्हन्थ सील’ हा चित्रपट उपशीर्षकांवाचून पाहिला. संवाद कळत नसताना केवळ दृश्यांनी ते हलून गेले, आणि त्या अस्वस्थतेतून ‘संस्कार’ ही कादंबरी आली. 1965 साली ती मनोहर ग्रंथमालेने प्रसिद्ध केली. एका अग्रहारात एक भ्रष्ट मानलेला ब्राह्मण मरतो आणि त्याचा अंत्यसंस्कार कुणी करायचा, या पेचात सारे गाव सापडते. अशी कादंबरी छापणारे जीबी स्वतः वैदिक परंपरेच्या घरातले होते, हे विसरू नये. पुढे याच कादंबरीवर पट्टाभिराम रेड्डी यांनी 1970 साली चित्रपट काढला. पटकथा कार्नाडांची, प्राणेशाचार्यांची भूमिकाही त्यांचीच. मद्रासच्या सेन्सॉरने आधी चित्रपट अडवला. नंतर त्याच चित्रपटाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कादंबरी माळ्यावरून निघालेली आणि पटकथाकाराचे पहिले नाटकही माळ्यावरूनच निघालेले! तोपर्यंत पटकथेचे शिक्षण कार्नाडांनी कुठल्या वर्गात घेतले नव्हते. 1974-75 साली ते पुण्याच्या चित्रपटसंस्थेचे संचालक झाले, ते नंतर.

जीबी मात्र केवळ दुसऱ्यांची पुस्तके काढणारे नव्हते. ‘जडभरत’ या नावाने त्यांनी स्वतः नाटके लिहिली. ‘मूकबलि’, ‘कदडिद नीरु’ आणि ‘सत्तवर नेरळु’ ही त्यांतली गाजलेली. शेवटच्या नावाचा अर्थ मेलेल्यांच्या सावल्या. मठाच्या परंपरेत गुंतलेल्या माणसांचे हे नाटक ब. व. कारंत यांनी 1970 नंतरच्या दशकात पुरंदरदासांच्या पदांची जोड देऊन रंगभूमीवर आणले, आणि त्याचे प्रयोग लोकांनी डोक्यावर घेतले. तेव्हा लेखकाने साठी ओलांडलेली होती. इतरांची हस्तलिखिते वाचण्यात ज्याची वर्षे गेली, त्याची स्वतःची नाटके लोकांनी मान्य केली ती उतारवयात.

हे टोपणनाव मला फार सूचक वाटते. भागवतातला जडभरत लोकांना मंद वाटणारा, पण आतून ज्ञानी. राजा रहूगणाचे भोई त्याला पालखीला जुंपतात. वाटेतली मुंगीही पायाखाली येऊ नये म्हणून तो जपून पाऊल टाकतो, त्यामुळे पालखी हिंदकळते आणि राजा रागावतो. जीबींनी हे नाव कोणत्या विचाराने घेतले असेल ते असो. पण दुसऱ्याची पालखी खांद्यावर वाहणे आणि तरीही आपल्या चालीने चालणे, हे त्यांच्या आयुष्याचेच वर्णन आहे. 26 डिसेंबर 1993 रोजी त्यांचे निधन झाले. ग्रंथमालेचे काम पुढे त्यांच्या घराण्याने चालू ठेवले.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. माळा हा ओळखीपाळखीवर चालतो. जो धारवाडात राहतो, ज्याला कुणी हात धरून नेतो, किंवा ज्याच्या अंगी जिना चढण्याचे धैर्य आहे, त्यालाच तो लाभतो. दूरच्या तालुक्यातल्या मुलाला, किंवा संध्याकाळनंतर घराबाहेर पडता न येणाऱ्या मुलीला, ‘प्रतिभासाधना’सारखे पुस्तकच अधिक जवळचे. पुस्तक सर्वांना सारखेच बोलते. पण सर्वांना सारखेच बोलत असल्यामुळे तुमच्या कथेच्या तिसऱ्या पानावर काय बिघडले आहे, ते पुस्तक सांगू शकत नाही. ते सांगायला तुमचे पान वाचलेला माणूसच लागतो.

आज लेखनाच्या कार्यशाळा आहेत, पटकथेचे अभ्यासक्रम आहेत, पुस्तकांना तोटा नाही. तरीही माझ्याकडे येणारी वही दुसऱ्या कुणी वाचलेली नसते, हे मी पाहतो. मराठी लिहिणाऱ्या इथल्या मुलाची अडचण तर दुहेरी आहे. पुण्या-मुंबईची मासिके दूर, आणि शेजारी बसणारा मित्र कन्नड वाचणारा. पण या गावातल्या सर्वांत मोठ्या कवीची घरची भाषा मराठी होती, आणि त्याला त्यामुळे कन्नड मित्रांची कमतरता पडली नाही. ही शेजारची भाषा अडचण न ठरता आपले भांडवलही होऊ शकेल.

म्हणून विद्यार्थ्यांना माझी एक सूचना आहे. पुढच्या अंकासाठी कथा देण्यापूर्वी ती एका मराठी मित्राला वाचून दाखवा, आणि दुसऱ्या विभागातल्या एका मित्राला तिचा आशय कन्नडमध्ये सांगा. सांगताना जिथे तुम्ही अडखळाल, तिथे कथेतही बहुधा खड्डा असतो. मग ती पुन्हा लिहून माझ्याकडे आणा. दर शनिवारी दुपारी मी मराठी विभागात असतो, आणि कन्नड विभागातील माझे सहकारीही येण्यास राजी आहेत. आपल्या विभागाला माळा नाही. तळमजल्यावरची खोली आहे. जिना चढण्याचा प्रश्न तेवढा मिटला.