साडेबावीस फुटांची होडी

अर्नेस्ट शॅकल्टन याचा जन्म १८७४ साली आयर्लंडमध्ये झाला. सोळाव्या वर्षीच तो जहाजावर चाकरीस लागला. पुढे दक्षिण ध्रुवाकडे त्याने मोठमोठ्या मोहिमा काढल्या. पण त्याची कीर्ती विशेष राहिली ती एका लहानशा होडीमुळे.

१९१४ साली तो ‘एन्ड्युरन्स’ जहाज घेऊन निघाला. बर्फात अडकून ते चिरडले आणि १९१५ च्या नोव्हेंबरात बुडाले. बर्फावर कित्येक महिने काढून, शेवटी तीन होड्यांतून, २८ माणसे १९१६ च्या एप्रिलात एलिफंट या निर्जन बेटावर पोचली. तेथे त्यांना शोधावयास कोण येणार? मदत मिळण्याजोगे दक्षिण जॉर्जिया बेट सुमारे १,३०० किलोमीटर दूर, आणि मधला समुद्र सदैव खवळलेला! ‘जेम्स केअर्ड’ ही त्यातल्या त्यात भक्कम होडी; पण लांबी अवघी साडेबावीस फूट. मुलांनो, ती तुमच्या वर्गात मावली असती! शिवाय ती वरून उघडी. एक मोठी लाट आत आली की कारभार आटोपलाच.

डागडुजीचे काम सुतार मॅक्निश याजकडे आले. काही महिन्यांपूर्वी याच सुताराने शॅकल्टनची आज्ञा मोडली होती. शॅकल्टन ते विसरला नव्हता. परंतु या वेळी त्याने राग बाजूस ठेवला. लाकूड तर नव्हतेच. मॅक्निशने बर्फगाड्यांच्या पट्ट्या व खोक्यांची झाकणे जुळवून सांगाडा केला आणि त्यावर शिडाचे कापड ताणले. ते गोठून फळीसारखे ताठ झाले होते. चरबीच्या चुलीवर ऊब देऊन थोडे थोडे मऊ करावे, मग शिवावे. फटी बुजविल्या त्या दिव्याची वात, चित्रकाराचे तैलरंग आणि सील प्राण्याचे रक्त यांनी! लाटेवर होडी मधोमध मोडू नये म्हणून दुसऱ्या होडीची डोलकाठी तळाशी लांबीभर आवळून बांधली. ती उलटू नये म्हणून सुमारे एक टन दगडांचा भार घातला. कप्तान वर्स्ले यास तो अधिक वाटला. शॅकल्टनने ऐकले नाही. शिधा मात्र चारच आठवड्यांचा घेतला. तेवढ्यात किनारा न लागल्यास अधिक अन्नाचा उपयोग काय?

२४ एप्रिल रोजी सहा जण निघाले. त्यांत मॅक्निशही होता. वाटेत होडीवर बर्फाचा जाड थर चढला. ती बुडू लागली, तेव्हा निसरड्या कापडावर रांगत त्यांनी तो फोडून काढला. कापड टिकले. १० मे रोजी ते दक्षिण जॉर्जियास लागले. मागे राहिलेल्या २२ जणांची ३० ऑगस्टला सुटका झाली. एकही दगावला नव्हता.

पुढे पदकांसाठी शिफारस करताना शॅकल्टनने मॅक्निशचे नाव गाळले. एवढ्या मोठ्या मनाच्या नायकास हे शोभले नाही, असे आम्हांस वाटते. १९२२ साली दक्षिण जॉर्जियातच शॅकल्टनचा अंत झाला. ती होडी लंडनमधील त्याच्या शाळेत जपून ठेवलेली आहे.